बाघच्या छपाईघरात दोन दिवस

आमचा धंदा कापडाचा. आजोबांनी घातलेली गादी वडिलांनी सांभाळली व त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात नुसत्या बोटांनी कापडाचा पोत सांगणारी जी मंडळी आहेत, त्यांत आपलीही गणना होते, असा आमचा समज होता. परंतु ज्या मालाच्या खरेदी-विक्रीत चाळीस वर्षे गेली तो माल स्वतःच्या हाताने करून पाहण्याचा योग आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी आला; आणि त्या दोन दिवसांत आमच्या जाणतेपणाचा जो हिशेब झाला, तो आपल्या व्यापारी बांधवांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही बडवानीजवळील बावनगजा क्षेत्राच्या यात्रेस गेलो होतो. बरोबर सौभाग्यवती व नात अशी दोघी होत्या. परतीच्या वाटेवर कुक्षी लागते आणि कुक्षीपासून बाघ जवळच आहे. नात कलाशाळेत शिकते. तिने एके दिवशी सहज विचारले होते, “आजोबा, बाघ प्रिंटच्या साड्या आपल्या दुकानात इतक्या खपतात, त्या छापतात कशा, ते आपण कधी पाहिले आहे काय?” आम्ही पाहिले नव्हते. तिने आधीच एका कारखान्यात दोन दिवसांच्या शिकवणीची व्यवस्था करून ठेवली होती. खरे सांगावयाचे तर बाघला जाण्यास आमचे मन कचरत होते. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

बाघ हे धार जिल्ह्यातील लहानसे गाव. इंदूरहून धारमार्गे ते सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. पूर्वी हा मुलूख ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. गावाबाहेरील बौद्ध लेण्यांतील प्राचीन चित्रांमुळे बाघचे नाव विद्वानांस ठाऊक आहे. कापडवाल्यांस ते ठाऊक आहे छपाईमुळे. येथील खत्री कारागिरांचे पूर्वज सिंधमधून निघून मारवाडमार्गे या प्रांती आले, मनावर येथे राहिले व पुढे बाघला स्थिरावले, असे ते आपल्या घराण्याच्या परंपरेवरून सांगतात. बाघिनी नदीच्या पाण्यात तांब्याचा अंश असून त्यामुळे रंग खुलतो, असेही त्यांचे म्हणणे आहे. जेथे हुकमी पाणी तेथे रंगारी, हा नियम देशात सर्वत्र दिसतो.

या छपाईचे मूळ गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे भिल्ल व भिलाले. त्यांच्या स्त्रियांचे लुगडे व घागरा या ठशांवाचून होत नसे. पुढे गिरणीचे व कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड आठवड्याच्या बाजारांतून येऊ लागले तेव्हा हे गिऱ्हाईक हातचे गेले आणि अनेक घरांनी धंदा सोडला. इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी मात्र तेच ठसे चादरी, साड्या व थानांवर उठवून शहरच्या पेठेत नवे गिऱ्हाईक मिळविले. राष्ट्रीय पुरस्काराने त्यांचा गौरवही झाला. आज आपल्या दुकानांतून बाघचा माल लागतो तो या चिकाटीचे फळ होय.

कारखान्याच्या उस्तादांनी आम्हांस प्रथम ठशाला हात लावू दिला नाही. सकाळचा सारा वेळ त्यांनी कोऱ्या कापडापाशी घालविला. गिरणीतून आलेल्या कापडात खळ असते, ती असेपर्यंत रंग आत शिरत नाही. म्हणून ते रात्रभर भिजवून दगडावर आपटून धुतात. नंतर एरंडेल तेल, खार व शेळीच्या लेंड्या पाण्यात कालवून त्यात कापड पायांनी तुडवितात, ढीग करून ठेवतात, सुकवितात व पुन्हा तुडवितात. लेंड्यांचे नाव निघताच सौभाग्यवतींनी पदर नाकाशी नेला. उस्ताद हसले आणि धुऊन सुकविलेले एक कापड त्यांनी तिच्या हाती दिले. त्याला कसलाही वास नव्हता व स्पर्श लोण्यासारखा होता. दुकानात “मऊपणा पाहा, मऊपणा!” असे आम्ही गिऱ्हाइकांस हजारदा सांगितले असेल, तो मऊपणा कोठून येतो हे त्या दिवशी कळले.

यानंतर कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. ते फिकट पिवळे होते आणि छपाईला तयार होते.

आता या विद्येचे खरे मर्म. आपली समजूत अशी की ठसा रंगात बुडवावयाचा व कापडावर उठवावयाचा. बाघला तसे नाही. ठशाने उठवितात तो रंग नव्हे, रंगाला धरून ठेवणारे द्रव्य होय. काळ्यासाठी लोहाचे पाणी व तांबड्यासाठी तुरटीचे पाणी, चिंचोक्यांच्या खळीत घट्ट करून वापरतात. हिरडा प्यालेल्या कापडावर लोहाचे पाणी पडताच ते काळे होते, कारण हिरड्यातील कषाय द्रव्य व लोह यांचा संयोग काळा असतो. आपल्या पूर्वजांची शाईही याच रीतीने होत असे. तुरटीचे तसे नाही. तुरटी दिसतच नाही. ती कोठे पडली हे कारागिरास समजावे म्हणून तिच्यात थोडा गेरू कालवितात. तो गेरू पुढे नदीत धुऊन जातो. तांबडा रंग चढतो तो अगदी शेवटी, भट्टीत. तेथे कापड तांब्याच्या मोठ्या भांड्यात ॲलिझरीन व धायटीची फुले घालून काही तास उकळतात. जेथे तुरटी असेल तेवढीच जागा लाल होते, बाकीची होत नाही.

ही युक्ती आजकालची नव्हे. मोहेंजोदडो येथील उत्खननात मंजिष्ठेने रंगविलेला कापसाचा तुकडा मिळाला आहे. इजिप्तमधील फुस्तात येथे गुजरातेत छापलेल्या कापडाचे शेकडो तुकडे निघाले असून त्यांतील काही हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे या देशाच्या व्यापाऱ्याने समुद्रापार जो माल विकला त्यात या ठशाच्या कापडाचा वाटा जुना आहे. आमच्या माळव्यात लाल रंगासाठी आलेच्या मुळांची मोठी लागवड होत असे. ‘आलवण’ हा मराठी शब्द त्याच आलेची आठवण ठेवून आहे. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील ॲलिझरीन प्रयोगशाळेत तयार केले. कारखान्यातील स्वस्त ॲलिझरीनपुढे आलेची शेती टिकली नाही. आज बाघच्या भट्टीत पडते ते बहुधा हेच तयार ॲलिझरीन. यात कमीपणा काही नाही. परंतु आपल्यापैकी जे बंधू अशा मालावर ‘शंभर टक्के वनस्पतिरंग’ अशी चिठ्ठी लावतात, त्यांनी ती लावण्यापूर्वी कारागिरास एकवार विचारावे.

दुपारी ठसा हाती आला. सागाचा, अकरा सेंटिमीटर चौरस, वजनदार. असे ठसे गुजरातेत पेठापूर येथे कोरतात. एका नक्षीला दोन ठसे: एक काळ्या रेघेचा, दुसरा तांबड्या भरणीचा. रंगाच्या लाकडी पेटीत बांबूच्या कामट्यांची जाळी व तिच्यावर कापडाच्या घड्या असतात, म्हणजे खळ ठशाला बेताची लागते. मेजावरही घड्यांची गादी असते. ठसा पेटीत दोनदा टेकवावयाचा, डाव्या हाताची बोटे कापडाच्या कडेशी ठेवून तो नेमक्या जागी उतरवावयाचा आणि उजव्या तळहाताच्या टाचेने पाठीवर एक ठोका द्यावयाचा. उस्तादांनी आठ-दहा ठसे उठविले, ते पाहून यात शिकण्यासारखे ते काय असे वाटले.

आमचा पहिला ठसा वाकडा पडला. दुसऱ्याचा एक कोपरा उठलाच नाही. तिसऱ्यावर जोर दिला तर खळ पसरून पाकळीचा डाग झाला. दीड मीटर लांब व हातभर रुंद अशी मेजावर अंथरण्याची पट्टी आम्हांस छापावयाची होती. लांबीत १४ व रुंदीत ३ असे एका रंगाचे ४२ ठसे, दोन्ही रंगांचे मिळून ८४. एवढ्यासाठी सारी दुपार गेली. हाताला कळ लागली, पाठ भरून आली. काळ्या रेघेच्या आत तांबडी भरण नेमकी बसविताना श्वाससुद्धा रोखावा लागे. सौभाग्यवतींचे काम आमच्यापेक्षा कितीतरी नेटके चालले होते. पन्नास वर्षे पापड लाटलेल्या हाताला सारखा दाब देण्याची सवय असते, असे त्यांनी आम्हांस ऐकविले. दोन ठिकाणी आमची तांबडी भरण कमी पडली, तेव्हा उस्तादांची पाठ वळलेली पाहून आम्ही तेथे ठसा दुसऱ्यांदा उतरविला. गेरू सारखा दिसू लागला. चूक झाकली गेली.

संध्याकाळी व्यापारी बुद्धी जागी झाली व आम्ही हिशेब मांडला. साडेपाच मीटर लांब व एकशे दहा सेंटिमीटर रुंद अशी साडी याच ठशाने भरावयाची तर लांबीत ५० व रुंदीत १० म्हणजे एका रंगाचे ५०० ठसे, दोन रंगांचे १,०००. काठ व पदर निराळे. हजार वेळा हात नेमक्या जागी पडला पाहिजे. त्याआधी कापडाची तयारी, त्यानंतर द्रव्य मुरण्यासाठी आठ-दहा दिवसांची विश्रांती, मग नदीवरची धुलाई, भट्टी आणि पुन्हा धुलाई. नऊशे नव्याण्णव ठसे साधले आणि एक चुकला, तर ती साडी आम्ही व्यापारी लोक ‘डागी’ म्हणून बाजूस काढतो.

येथे आमच्या कचरण्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. अकरा वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, बाघच्याच एका कारागिराकडून आम्ही साठ साड्या उधारीवर आणविल्या होत्या. ते वर्ष मंदीचे गेले. बावीस साड्या उरल्या. दोन महिन्यांनी आम्ही त्या परत पाठविल्या आणि सोबत लिहिले, “ठशांचे जोड जुळत नाहीत, रंग कमीजास्त आहे, सबब माल डागी समजून रक्कम वजा केली आहे.” जोड हे निमित्त होते, खरे कारण माल खपला नाही हे होते. कारागिराचे उत्तर दोन ओळींचे आले: माल पोहोचला, हिशेब तुमच्या लिहिण्याप्रमाणे. आमच्या खतावणीत ते खाते त्याच दिवशी मिटले. त्यानंतर त्याने आम्हांस माल दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

रात्री उस्तादांपाशी आम्ही ही हकीकत बोललो. नाव सांगताच ते म्हणाले, “ते पलीकडच्या गल्लीतच राहतात. माझे नातलग आहेत.” अधिक काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. छापून मुरलेले कापड वाहत्या पाण्यात सैल सोडावे लागते. ते एकमेकांस चिकटले तर सुटलेले द्रव्य भलत्या जागी बसते आणि भट्टीत तेथे डाग उमटतो. दोन माणसे मांडीभर पाण्यात उभी राहून ताके हेलकावीत होती. पौषाच्या तोंडावरची थंडी, पाणी बर्फासारखे. उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे हौदाच्या पाण्यावर भागवावे लागते व काम अडते. मग भट्टी पाहिली. फिकट पिवळे कापड आत गेले आणि पाहता पाहता त्यावर लाल फुले उमलली. नात आनंदाने ओरडली. आम्हीही चकित होऊन उभे राहिलो. चाळीस वर्षे लाल-काळे कापड विकूनही तो लाल रंग जन्मताना कधी पाहिला नव्हता.

दुपारी आम्ही पलीकडच्या गल्लीत गेलो. गृहस्थ ओसरीवर बसले होते. वय आमच्याएवढेच. पेढीचे नाव सांगताच त्यांनी ओळखले व चहा मागविला. आम्ही मनात जुळवून ठेवलेली भाषा तोंडी येईना. शेवटी सरळ सांगितले की माल डागी नव्हता, माल खपला नव्हता, आणि ती रक्कम द्यावयास आलो आहो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलास हाक मारून त्यांनी जुन्या वह्या काढविल्या. पान सापडले. आमच्या नावासमोरील रक्कम मांडलेली होती, वजा केलेली नव्हती; पुढे जागा कोरी होती. त्या वर्षी हिरडा व तुरटीवाल्याचे देणे थकले, एक हंगाम भट्टी बंद राहिली आणि त्या साड्या कुक्षीच्या बाजारात मिळेल त्या भावाने काढल्या, एवढे त्यांनी विचारल्यावर सांगितले. आम्ही मुद्दलासोबत व्याजही पुढे केले. व्याज आपण घेत नाही, असे म्हणून त्यांनी ते बाजूस सारले. मुद्दल दोनदा मोजून घेतले, वहीत जमा मांडले व आम्हांस पावती लिहून दिली. क्षमेची भाषा त्यांनी केली नाही, आम्हीही मागितली नाही. निघताना त्यांनी विचारले, “हल्ली कोणत्या रंगाला मागणी आहे?”

तीन आठवड्यांनी टपालाने पुडके आले. त्यात आम्हां तिघांच्या पट्ट्या होत्या. नातीची साधारण, सौभाग्यवतींची दृष्ट लागण्यासारखी. आमच्या पट्टीवर ८४ ठशांपैकी निर्दोष म्हणावे असे अकरा निघाले. आणि ज्या दोन जागी आम्ही उस्तादांच्या नकळत भरण दुबार उतरविली होती, त्या जागा भट्टीतून काळपट लाल होऊन आल्या होत्या. मेजावर गेरूने जे झाकले ते नदीने उघडे केले आणि भट्टीने कायमचे केले.

आता बांधवांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट मालाच्या पारखीची. बाघच्या छपाईला २००८-०९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आहे. म्हणजे दुसरीकडचा माल त्या नावाने विकणे गैर आहे. तरीही यंत्रावर किंवा जाळीच्या चौकटीवर छापलेले नकली कापड पेठेत मुबलक येते. कापड उलटून पाहावे. भट्टीतून निघालेला रंग पाठीमागेही पोहोचलेला असतो. वरवर बसविलेल्या रंगाची पाठ फिकी राहते. मग ठशांचे जोड पाहावेत. कोठे रेघ केसभर पुढे, कोठे केसभर मागे असेल, एखादे फूल जरा गडद असेल, तर तो हात आहे. सारी फुले तंतोतंत एकसारखी असतील तर शंका घ्यावी. ज्या खुणेवरून आम्ही माल परत केला, तीच खूण त्या मालाच्या सचोटीची साक्ष होती.

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या अशा लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. चुकल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. मालाबद्दल हरकत असेल तर माल हाती आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. न कळविल्यास माल पसंत पडला असे कायदा धरून चालतो. हंगाम संपल्यावर डाग शोधण्याची जी रीत आमच्या बाजारात चालते, तिला कायद्यात थारा नाही. परंतु कारागीर कायद्याच्या दारी क्वचितच जातो. तो फक्त पुढच्या वर्षी माल देत नाही, आणि त्याचा मुलगा दुसरा धंदा धरतो. मग आपण गिऱ्हाइकांस सांगतो की हल्ली पूर्वीसारखा माल येत नाही.

ती पट्टी सध्या आमच्या गादीवर, हिशेबाच्या मेजावर अंथरलेली असते. परगावचा कारागीर माल घेऊन आला आणि भाव तोडण्यासाठी आमचे बोट सवयीने ठशाच्या जोडाकडे वळले, म्हणजे हाताखालचे ते दोन काळपट डाग दिसतात. बोट मागे येते. गेल्या महिन्यात बाघहून पंचवीस साड्यांचे गाठोडे आले. पलीकडच्या गल्लीतून. पैसे बाराव्या दिवशी रवाना केले.